अहवालातील न मागितलेली ओळ

आजच्या भाषणाचा विषय एका ओळीपुरता आहे. ती ओळ मेंदूच्या स्कॅनच्या अहवालातील आहे. मिरजेच्या किंवा कराडच्या एखाद्या तपासणी केंद्रातून सायंकाळच्या सुमारास घरची दोन माणसे हातात मोठे पाकीट घेऊन बाहेर पडतात. डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी ठरलेली असते. तोवर पाकीट उघडू नये असे दोघांच्याही मनात असते. तथापि स्टँडवर एस. टी. ची वाट पाहता पाहता ते उघडले जाते, आतील इंग्रजी मजकुरावर नजर फिरते, आणि एखाद्या अपरिचित शब्दापाशी ती अडते. मग तो शब्द मोबाइलवर शोधला जातो. गाडी साताऱ्यास पोहोचेपर्यंत त्या घराची झोप उडालेली असते.

विशेष हे की, ज्या तक्रारीसाठी तपासणी केली तिचा आणि त्या ओळीचा पुष्कळदा काडीचाही संबंध नसतो. चक्कर येते म्हणून स्कॅन करावा आणि त्यात चकरेचे कारण न सापडता भलतीच एखादी पोकळी किंवा एखादा ठिपका दिसावा, असे वारंवार घडते. डॉक्टर मंडळी यास ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’ म्हणतात. आपण त्यास ‘अनपेक्षित आढळ’ म्हणू. दिसलेली गोष्ट आणि झालेला रोग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्याने घरेच्या घरे विनाकारण दुःखात पडतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्या सातारा-सांगली भागास विशेष जवळचा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून कृष्णाकाठचाच काय, पण कर्नाटकातलाही रोगी मिरजेची वाट धरू लागला. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि १९८४ मध्ये कराडास कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे मोठमोठ्या यंत्रांची ओळख आपल्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांसही झाली आहे. यंत्रे जवळ आली, परंतु त्यांची भाषा मात्र अद्याप दूरच राहिली आहे.

जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावून पाहणे ही गोष्ट शतकानुशतके अशक्य होती. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले, तरी त्या किरणांना हाडे दिसत, मेंदू दिसत नसे. रोग्याची चाल पाहावी, गुडघ्यावर हातोडी मारावी, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टाकावा, आणि या बाह्य खुणांवरून आतील बिघाडाचे अनुमान बांधावे, असा क्रम होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या यंत्रावर एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. तिला मेंदूत गाठ असावी असा डॉक्टरांचा संशय होता, आणि ती गाठ चित्रात स्पष्ट दिसली. हाच पहिला सी. टी. स्कॅन होय. १९७९ साली हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे क्ष-किरणांवाचून, केवळ चुंबकाच्या व रेडिओ-लहरींच्या साहाय्याने, शरीरातील पाण्याच्या आधारे चित्र काढणारे एम. आर. आय. यंत्र आले, त्याबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड हे २००३ साली नोबेलचे मानकरी झाले.

त्या पहिल्या स्त्रीची गोष्ट मुद्दाम सांगितली. तेथे प्रश्न आधी होता आणि चित्र नंतर आले. आज पुष्कळदा उलटे होते. प्रश्न मोघम असतो, आणि चित्र मात्र इतके सूक्ष्म असते की विचारलेल्या एका गोष्टीबरोबर न विचारलेल्या दहा गोष्टी ते दाखवून टाकते.

यास आपल्याच भागातील एक दृष्टांत देतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, हे सातारा जिल्ह्यातील वडीलधाऱ्या माणसांस सांगावयास नको. अशा प्रसंगानंतर मनुष्य कंदील घेऊन स्वतःचे घर न्याहाळू लागतो, आणि ज्या भिंतीकडे वीस वर्षांत पाहिले नाही तिच्यावर त्यास चार भेगा दिसतात. त्यांतील एखादी खरोखर त्या पहाटेची असेल. एखादी आजोबांच्या वेळी गिलावा वाळताना पडलेली असेल. एखादी भेग नसून पूर्वी बुजवलेल्या कोनाड्याची कड असेल. जाणता गवंडी आला म्हणजे तो भेगा मोजत बसत नाही. भेग गिलाव्याची आहे की भिंतीची, ती तुळईखाली आहे की नुसत्या आडभिंतीत, आणि ती जुनी आहे की वाढती, एवढे तो पाहतो. वाढीचा संशय असल्यास भेगेवर काचेची पट्टी बसवून तो म्हणतो, ‘सहा महिन्यांनी पाहू.’ पट्टी तडकली नाही तर भेग स्थिर आहे असे समजावे. मेंदूच्या अहवालाची सारी विद्या या गवंड्याच्या विद्येहून फारशी निराळी नाही.

आता अशा भेगा किती जणांच्या मेंदूत असतात, हे पाहू. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात ४५ वर्षांवरील २००० नागरिकांच्या मेंदूचे एम. आर. आय. काढण्यात आले, आणि त्याचा वृत्तांत २००७ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रोगी म्हणून आलेली नव्हती. त्यांपैकी शेकडा ७.२ जणांच्या मेंदूत, रक्तपुरवठा तुटल्याने झालेल्या लहान जुन्या जखमेची खूण निघाली, आणि तिने आयुष्यात कधीही त्रास दिलेला नव्हता. शेकडा १.८ जणांच्या रक्तवाहिनीवर लहान फुगवटा आढळला, आणि शेकडा १.६ जणांत सौम्य जातीची गाठ दिसली. २००९ साली निरनिराळ्या १६ पाहण्या एकत्र करून १९,५५९ माणसांचा विचार करण्यात आला. त्यात वयोमानाने होणारे बदल वगळूनही साधारण ३७ माणसांत एकाच्या मेंदूत काही ना काही अनपेक्षित आढळले. सांगलीच्या एखाद्या नाट्यगृहात नाटक पाहावयास बसलेल्या प्रेक्षकांचे स्कॅन काढले, तर दर एक-दोन रांगांमागे एखाद्याच्या अहवालात अशी ओळ निघावयाची. आणि ती मंडळी तर मजेत नाटक पाहत असतात.

या आढळांचे ढोबळ मानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग जन्मजात ठेवणीचा. कोणाच्या गालावर खळी असते, कोणाच्या हातावर तीळ असतो, त्याचप्रमाणे कोणाच्या मेंदूच्या आवरणात पाण्याची एखादी पिशवी असते. तिला ‘ॲरॅक्नॉइड सिस्ट’ म्हणतात. कोणाची एखादी शीर निराळ्या वळणाने जाते, तर कोणाच्या पिनियल ग्रंथीत लहानशी पाण्याची पुटकुळी असते. यांतील बहुतेक गोष्टी मनुष्याबरोबर जन्मतात आणि त्याला न कळत त्याच्याबरोबरच जातात.

दुसरा वर्ग वयाचा व रक्तदाबाचा. साठीनंतरच्या अहवालात मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपके असल्याचा उल्लेख फार वेळा येतो, आणि त्यांची प्रतवारी शून्यापासून तीनपर्यंत केलेली असते. तिला ‘फाझेकास’ हे नाव आहे. थोडे ठिपके म्हणजे वयाच्या खुणा होत. केस पांढरे व्हावेत तसेच ते समजावे. परंतु ते पुष्कळ असतील, किंवा वयाच्या मानाने लवकर आले असतील, तर त्यांकडे दुर्लक्ष करू नये. ठिपक्यांवर औषध नाही. पण ज्या रक्तदाबाने, मधुमेहाने व तंबाखूने ते वाढतात त्यांवर उपाय आहे. आपल्याकडे मिश्रीला कोणी तंबाखू मानीत नाही, म्हणून तिचेही नाव येथे घेतो. अशा अहवालाचे भय धरण्यापेक्षा त्याचा उपदेश ऐकला तर तो उपकारक ठरतो.

तिसरा वर्ग जुन्या जखमांच्या वणांचा. ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ हे शब्द आपल्या देशातील अहवालांत नेहमी आढळतात. कधी काळी एखाद्या जंतूने किंवा कृमीने मेंदूत बिऱ्हाड केले, शरीराने त्यास वेढा देऊन मारले, आणि त्या जागी चुन्याचा खडा राहिला, असा त्याचा अर्थ. लढाई संपली आहे आणि बुरूज तेवढा उरला आहे. फिट्स येत नसतील, तर अशा निव्वळ खड्यासाठी बहुधा कोणतेही औषध लागत नाही. येत असतील, तर मात्र फिट्सचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे लागते.

या वर्गाच्या संबंधात आपल्याच देशातील एक हकीकत फार बोधप्रद आहे. सी. टी. यंत्रे भारतात आल्यावर फिट येणाऱ्या पुष्कळ तरुण रोग्यांच्या मेंदूत एकच लहानसा ठिपका दिसू लागला. आपल्याकडे क्षय फार. म्हणून ठिपका क्षयाचाच असे गृहीत धरून कित्येकांस महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देण्यात आली. ठिपका नाहीसा होई, आणि औषध लागू पडले असे सर्वांस वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर व त्यांचे सहकारी यांनी असे ठिपके प्रत्यक्ष काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य क्षयाचे नसून फीतकृमीच्या अळीचे निघाले. १९८९ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे असेही ध्यानात आले की, यांतील पुष्कळसे ठिपके काही महिन्यांत आपोआपच विरून जातात. ते रोगी खरोखर आजारी होते, हे कबूल. पण सावली पाहून वस्तूचे नाव ठरविण्याची घाई केल्यास केवढी चूक होते, हे यावरून दिसते. आणखी एक गोष्ट. शाकाहारी कुटुंबात असा अहवाल आला की घरात संशयाचे वातावरण पसरते. त्याचे कारण नाही. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती घाण पाण्यातून, न धुतलेल्या पालेभाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून कोणाच्याही तोंडात जाऊ शकतात. अहवालातील ओळीवरून कोणाच्या आहाराची चौकशी करू नये; भाजी मात्र धुऊन घ्यावी.

चौथा वर्ग काचेची पट्टी लावण्याचा. मेंदूच्या आवरणापासून वाढणारी ‘मेनिन्जिओमा’ नावाची गाठ, रक्तवाहिनीवरील फुगवटा, पिट्यूटरी ग्रंथीतील लहान गाठ, ही त्याची उदाहरणे होत. मेनिन्जिओमा बहुधा सौम्य व मंद वाढीची असते. लहान असल्यास ठरावीक काळाने पुन्हा चित्र काढून तिच्यावर नजर ठेवतात. पिट्यूटरीच्या गाठीत रक्तातील अंतःस्रावांची तपासणी करावी लागते. फुगवट्याच्या बाबतीत त्याचा आकार, जागा, रोग्याचा रक्तदाब, धूम्रपान आणि घराण्यातील पूर्वेतिहास हे सर्व पाहून ठरवावे लागते. कारण तो फुटण्याचा धोका एका पारड्यात असतो, तसा शस्त्रक्रियेचा धोका दुसऱ्या पारड्यात असतो. या चौथ्या वर्गातील ओळ दिसली, तर घरी चर्चा न करता मेंदूच्या तज्ज्ञाकडे लवकर जावे. ‘काही होत नाही’ म्हणून पाकीट कपाटात टाकून देणे हीही तितकीच मोठी चूक आहे.

येथवर आल्यावर अहवालातील काही शब्दांची ओळख करून घेणे बरे; कारण निम्मे भय शब्दांचे असते. ‘लीजन’ म्हणजे कर्करोग नव्हे. आसपासच्या भागाहून निराळी दिसणारी जागा, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना आपण ‘क्रॉनिक’ हा शब्द हट्टी, असाध्य अशा अर्थाने वापरतो. अहवालात त्याचा अर्थ केवळ ‘जुना’ असा असतो, आणि जुनी गोष्ट पुष्कळदा ताज्या गोष्टीपेक्षा निरुपद्रवी असते. ‘हायपरइंटेन्स’ म्हणजे चित्रात अधिक उजळ दिसणारे. त्याचा रोगाच्या तीव्रतेशी संबंध नाही. ‘अनरिमार्केबल’ हा शब्द ऐकून एखाद्यास वाईट वाटेल. परंतु अहवालात याहून चांगले विशेषण नाही, कारण तेथे मुद्दाम सांगण्याजोगे काही आढळले नाही असा त्याचा आशय आहे. आणि शेवटी येणारे ‘क्लिनिकल कोरिलेशन’ हे शब्द तर सर्वांत महत्त्वाचे. रेडिऑलॉजिस्ट तेथे म्हणतात, ‘मी चित्र पाहिले आहे, माणूस पाहिलेला नाही, तुम्ही माणूस पाहून मेळ घाला.’ अहवाल हे एका डॉक्टराने दुसऱ्या डॉक्टरास लिहिलेले पत्र आहे. दुसऱ्याचे पत्र अर्धवट वाचल्याने जो घोटाळा व्हावयाचा तोच येथे होतो. दिसेल ते सर्व लिहावे हा रेडिऑलॉजिस्टांचा धर्म आहे. त्यांतील कशास किती महत्त्व द्यावे हे ठरविण्याचे काम रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

एक कल्पित प्रसंग सांगतो. समजा, साताऱ्याच्या सदाशिव पेठेतील एका घरात २४ वर्षांची मुलगी आहे. वर्षभरापासून तिचे डोके दुखते, म्हणून स्कॅन केला. अहवालात डाव्या बाजूस दोन सेंटिमीटरची ॲरॅक्नॉइड सिस्ट निघाली. मुलीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. आजी म्हणतात, ‘याचा उच्चार घराबाहेर होता कामा नये.’ वडील म्हणतात, ‘आई, त्यापेक्षा ऑपरेशन करून ते एकदाचे काढूनच टाकू या.’ मुलगी काहीच बोलत नाही. आपल्या डोक्यात काही अमंगळ वाढत आहे असे तिच्या मनाने घेतलेले असते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला तपासतात, डोळ्यांचे पडदे पाहतात, दुखण्याची वेळ व तऱ्हा विचारतात, आणि म्हणतात, ‘बाळ, ही पिशवी तुझ्याच वयाची आहे. ती २४ वर्षांची आणि डोकेदुखी एका वर्षाची. तेव्हा त्या दोघींची सांगड घालता येत नाही. तुला अर्धशिशी आहे, तिचे औषध घे. डोक्याला कधी जोराचा मार लागला तर मात्र डॉक्टरांस या पिशवीविषयी सांग.’ एवढ्या चार वाक्यांनी त्या घरावरचे सावट जाते. पण भेट आठवडाभर पुढे गेली असती, किंवा कोणी उतावीळपणे चाकू उचलला असता, तर त्या निरुपद्रवी पिशवीने केवढा अनर्थ केला असता! लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट लपवावी काय, असे कोणी विचारील. माझ्या मते लपविण्याजोगे त्यात काही नाहीच. आणि जी गोष्ट आपण कुजबुजून बोलतो तिला आपणच रोगाचे रूप देतो.

म्हणून अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ‘या ओळीचा माझ्या तक्रारीशी संबंध आहे काय?’ दुसरा, ‘हे असेच राहू दिले तर काय होण्याचा संभव आहे?’ आणि तिसरा, ‘काही केले तर काय लाभ व काय धोका?’ या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून शस्त्रक्रियेस घाईने रुकार देऊ नये, आणि निर्धास्तही होऊ नये. जुने फिल्म्स व सी. डी. जपून ठेवाव्यात, पूर्वीचे चित्र हीच गवंड्याची काचेची पट्टी होय, आणि तिच्यावाचून ‘वाढले की नाही’ हे कोणासही सांगता येणार नाही. तपासणीस जाताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तक्रार स्पष्ट लिहून घ्यावी. कारण प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर नेमके येते. तक्रार नसताना केवळ सवलतीच्या पॅकेजात मिळतो म्हणून मेंदूचा स्कॅन करून घेण्यापूर्वी, निघालेल्या उत्तराचे आपण काय करणार आहोत, याचा विचार अवश्य करावा.

एक सूचना मात्र भीती बाळगूनच ऐकावी. एकाएकी तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू होणे, पहिल्यांदाच फिट येणे, यांपैकी काहीही घडले तर जुना अहवाल शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; पाटणहून किंवा जतहून निघणाऱ्यास त्यातील बराच वेळ रस्त्यातच जातो, हे ध्यानी ठेवावे.

श्रोतेहो, आपल्या पूर्वजांस मेंदूच्या आतले काही दिसत नव्हते. त्यांचे अज्ञान त्यांस कधी घातक ठरले, तर कधी त्याने त्यांस निश्चिंतही ठेवले. आपल्यास दिसते. ते चित्र नाकारून चालणार नाही, आणि त्याच्यापुढे हातपाय गाळूनही चालणार नाही. पाकीट उघडले गेलेच, तर पुन्हा मिटावे, घरच्यांशी शांतपणे चार शब्द बोलावे, आणि ज्यांस ते पत्र लिहिले आहे त्या डॉक्टरांच्या हाती सकाळी नेऊन द्यावे. मधली एक रात्र सुखाने झोपण्याचा अधिकार रोग्यास आहे, आणि बहुतेक वेळा वस्तुस्थितीही त्याच्याच बाजूची असते.